जुन्या ॲनालॉग कन्सोलची घरघर, खरखर आणि सुंसुं: दोष शोधायचा कुठून?

रात्री शेतीची थ्री फेज लाइट येते, शिवारातल्या मोटारी एकापाठोपाठ चालू होतात आणि दिवसभर गप्प असलेला जुना रेकॉर्डिंग कन्सोल, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर, घरघरायला लागतो. परभणी, हिंगोली, लातूर, कुठेही गावातल्या डीपीवर चालणाऱ्या छोट्या स्टुडिओत हे घडू शकतं. मग कुणीतरी सांगतं, "आयसी जुन्या झाल्यात, भारी घाला." आयसी बदलल्या जातात, पैसे जातात, घरघर मात्र तशीच राहते. कारण दोष आयसीत नव्हताच, तो विजेच्या वाटेवर होता.

जुन्या कन्सोलचा बिघाड शोधताना क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी वीज आणि अर्थिंग, मग जोड आणि संपर्क, मग कपॅसिटर, आणि सगळ्यात शेवटी आयसी. हा क्रम उलटा केला की चांगला कन्सोल हमखास खराब होतो.

इथली माहिती १९८० च्या आसपासच्या, ऑप-अँप (सिग्नल मोठा करणाऱ्या) आयसीवर चालणाऱ्या १६ ते २४ चॅनेलच्या कन्सोलसाठी आहे. त्याआधीच्या सुट्या ट्रान्झिस्टरच्या कन्सोलची तब्येत वेगळी असते. उदाहरणार्थ नीव्ह १०७३ मॉड्यूल २४ व्होल्टच्या एकाच रेलवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या एकाच तारेवर, चालतं. ऑप-अँपच्या कन्सोलला अधिक १५ आणि उणे १५ व्होल्ट अशा दोन रेल लागतात (काहींना १७ किंवा १८), आणि कंडेन्सर माइकसाठी वेगळी ४८ व्होल्टची फँटम, म्हणजे माइकच्याच तारेतून जाणारी वीज.

आवाजाची वाट सरळ आहे. माइकचा नाजूक सिग्नल प्रीअँपमध्ये मोठा होतो, ईक्यूतून (खर्ज-तार कमी-जास्त करणारा भाग), इन्सर्टच्या जॅकमधून (बाहेरचं उपकरण मध्ये जोडायची जागा), फेडरवरून (आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी) पॅनपर्यंत (आवाज डावीकडे की उजवीकडे, हे ठरवणारा भाग) येतो आणि 'बस' नावाच्या सामायिक तारेवर उतरतो. ओढे गोदावरीला मिळतात तसंच हे. एका ओढ्यात गाळ असला तर तो ओढा ओळखता येतो, पण नदीतच गाळ असेल तर ओढे साफ करून उपयोग नाही. म्हणून पहिली तपासणी अशी करा: सगळे फेडर खाली ओढा. आवाज तरीही येत असेल तर दोष मास्टर, बस किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे. गेला, तर एकेक फेडर वर करत बिघडलेला चॅनेल पकडा.

घरघर कोणत्या सुरात आहे?

इथे हार्मोनियम फार उपयोगी पडते. आपली वीज ५० हर्ट्झची. तिचा गुणगुणाट खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळ, तिच्यापेक्षा जरा चढा येतो. पॉवर सप्लायमध्ये एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्या जातात, त्यामुळे तिथला दोष १०० हर्ट्झवर, म्हणजे बरोबर एक सप्तक वर ऐकू येतो आणि त्याला कर्कश धार असते. मऊ, खोल गुणगुण असेल तर अर्थिंगचा लूप किंवा एखाद्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र शोधा. धारदार घरघर असेल तर आधी फिल्टर कपॅसिटर तपासा.

रात्रीच्या घरघरीचा ढोबळ हिशोब असा. १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक रेलवर ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ७८१५ आणि ७९१५ हे रेग्युलेटर (व्होल्टेज अधिक-उणे १५ वर स्थिर ठेवणारे), आणि अर्धा अँपिअर करंट. घरात २३० व्होल्ट असताना कपॅसिटरवर साधारण २४.५ व्होल्ट मिळतात. दर सेकंदाला शंभर वेळा हा कपॅसिटर भरतो आणि थोडा रिकामा होतो. हा चढउतार, म्हणजे रिपल, सुमारे १ व्होल्ट. ७८१५ ला नीट काम करायला आत किमान १७ व्होल्ट हवेत. इथे २३ च्या खाली काही जात नाही, त्यामुळे सगळं शांत.

आता लाइट १८५ व्होल्टवर आली. कपॅसिटरवर १९.५. कपॅसिटर धडधाकट असेल तर रिपल वजा जाऊन १८.५ उरतात, अजूनही निभावतं. पण तीस-चाळीस वर्षांत तो सुकून १५०० मायक्रोफॅरडवर आला असेल तर रिपल ३.३ व्होल्ट होतं आणि तळ १६.२ ला टेकतो. सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटरचा तोल जातो, आणि तीच ती घरघर. दिवसा २३० व्होल्टला हाच सुकलेला कपॅसिटर काही कळू देत नाही, म्हणून मेकॅनिक दुपारी येऊन "ठीक आहे" म्हणून जातो.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. एसी रेंजवर ठेवून फिल्टर कपॅसिटरच्या दोन टोकांवर लावा. ०.३ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बरं, १ व्होल्टकडे गेलं तर कपॅसिटर संपला. रेग्युलेटरच्या पुढे मात्र मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. काही मल्टिमीटर एसी रेंजवरही डीसी आत घेतात. शंका आली तर प्रोबला १ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून मोजा.

नवा कपॅसिटर ५० व्होल्टचा आणि १०५ डिग्रीचा घ्या, ८५ चा नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० च्या पुढे जातं, पॉवर सप्लायच्या डब्यात त्याहून बरंच जास्त, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ४७०० च्या जागी ६८०० चालतील. २२,००० घालू नका. इतका मोठा कपॅसिटर भरताना करंटचे जबर ठोके बसतात, ब्रिज रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर तापतात, वर त्याच ठोक्यांचा गुणगुणाट अर्थच्या तारेत शिरतो.

रेग्युलेटर बदलताना एक चूक हमखास होते. ७८१५ चा धातूचा कान ग्राउंडला जोडलेला असतो, पण ७९१५ चा कान त्याच्या इनपुटला, म्हणजे उणे २४ व्होल्टला असतो. एलएम३१७ चा कान आउटपुटला, एलएम३३७ चा इनपुटला. त्यामुळे अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकचा वॉशर न घालता ७९१५ थेट हीटसिंकवर आवळला की उणे रेल बॉडीला शॉर्ट. चालू करण्याआधी कान आणि हीटसिंक यांच्यात मल्टिमीटरची बीप वाजत नाही ना, हे बघा.

आणि पहिल्यांदा लाइट द्यायची ती सिरीज बोर्डवरूनच. वायरमनकडे असतो तोच: १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीजला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. बंद केल्यावर लगेच हात घालू नका, २२० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर दहा सेकंद धरून कपॅसिटर रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका.

काळी माती आणि अर्थिंग

मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा स्वभाव अर्थिंगच्या बाबतीत दुटप्पी आहे. ओली असताना ती उत्तम वीज वाहते. उन्हाळ्यात हीच माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. मग जानेवारीत चांगली असलेली अर्थिंग मेमध्ये नावापुरती उरते. खड्ड्यात कोळसा आणि मीठ असलं तरी ओल नसेल तर काही खरं नाही. मार्चपासून आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घाला आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या. ५ ओहमच्या आत असेल तर उत्तम. नुसत्या मल्टिमीटरने फेज ते अर्थ २३० दिसले म्हणून अर्थिंग चांगली ठरत नाही, कारण मल्टिमीटर जवळपास करंट घेतच नाही.

लूप वेगळा. कन्सोल एका बोर्डवर, कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डवर, दोघांना आपापली अर्थ आणि मध्ये ऑडिओ केबलची जाळी, म्हणजे आतल्या तारांभोवतीचं तांब्याचं आवरण. त्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट वाहतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर आणून एकाच अर्थला जोडली की निम्मे लूप तिथेच सुटतात. उरलेल्यांसाठी केबलची जाळी फक्त एका टोकाला जोडलेली ठेवा, किंवा १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. प्लगची अर्थ पिन कापून गुणगुण बंद करायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. बिघाड झाला की गाणाऱ्याच्या ओठाला टेकलेल्या माइकपर्यंत २३० व्होल्ट पोचू शकतात.

खरखर आणि मध्येच गुल होणारा आवाज

एक चॅनेल मंद, चिरका येतो. पखवाजाची एक जोरकस थाप पडली की एकदम मोकळा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा बसतो. हे लक्षण दिसलं की आयसीकडे बघूही नका, इन्सर्टचा जॅक बघा. इन्सर्टमध्ये काही लावलेलं नसताना सिग्नल जॅकच्या आतल्या एका चिमुकल्या स्प्रिंगच्या पट्टीवरून पुढे जातो. पट्टीवर ऑक्साइडचा थर चढला की छोटा सिग्नल अडतो, मोठा सिग्नल तो थर भेदून जातो. खात्री करायला स्टीरिओ प्लगमध्ये टिप (टोक) आणि रिंग (त्यामागचं कडं) एकमेकांना जोडून तो इन्सर्टमध्ये लावा. आवाज परतला तर दोषी तोच. जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारून प्लग वीस-पंचवीस वेळा आतबाहेर करा. तरी बसत नसेल तर जॅक बदला.

न वापरलेले जॅक टॉर्चने बघून घ्या. कुंभारीण माशीला असं बोटभर भोक घर बांधायला फार आवडतं, आणि आत वाळलेल्या चिखलाची गोळी असेल तर स्प्रे मारून तिचा गाळ होतो. आधी लाकडी काडीने कोरडीच काढा. धुळीसाठी मऊ ब्रश आणि ब्लोअर. पंक्चरच्या दुकानातल्या काँप्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

फेडर आणि गोल पॉट (फिरवायचे कंट्रोल) यांना डब्ल्यूडी-४० मारू नका. तेलकट थर राहतो, त्यावर काळी धूळ बसते आणि काही महिन्यांत पट्टी घासल्या जाते. प्लास्टिकच्या पट्टीच्या फेडरसाठी फेडरचाच क्लीनर येतो, तो वापरा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मळ काढतं, पण वंगणही धुऊन नेतं, म्हणून नंतर फेडर ल्युब्रिकंटचा एक थेंब द्यावाच लागतो.

साफ करूनही खरखर राहिली तर पॉटवर डीसी येतोय का मोजा. पाच-दहा मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष पॉटचा नाही, त्याआधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा) गळतोय. फँटम चालू केल्यावरच तडतड होत असेल तर माइक इनपुटचे दोन कपॅसिटर बघा. ते सतत ४८ व्होल्ट अडवून बसलेले असतात आणि बहुतेक ६३ व्होल्टचेच असतात. दोन्ही एकाच वेळी, सारख्याच मायक्रोफॅरडचे बदला. फँटमचे ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टरही एकमेकांशी जुळलेले हवेत, नाहीतर बॅलन्स्ड लाइनचा, म्हणजे दोन्ही तारांवर सारखा आलेला गोंगाट कापला जाण्याचा, फायदा जातो.

कपलिंग कपॅसिटर सुकला तर आवाज बंद पडत नाही, पातळ होतो. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोओहममध्ये जात असेल तर तो १.६ हर्ट्झपर्यंत खालचे सूर सोडतो. तोच ०.१ वर आला की १६० हर्ट्झच्या खालचं उतरत जातं. पखवाजाचा धुम गायब आणि टाळ मात्र लख्ख, असं एकाच चॅनेलवर झालं तर हे कारण.

सगळे कपॅसिटर एका बैठकीत बदलायचा मोह टाळा. दोनशे कपॅसिटरांत एक जरी उलटा बसला तर शोधता शोधता आठवडा जातो. एक चॅनेल करा, शेजारच्याशी तुलना करा, मगच पुढचा. थेंबासारखे दिसणारे टँटलम कपॅसिटर रेलवर असतील तर ते मात्र आधी काढा. ते मरताना शॉर्ट होतात आणि अख्खी रेल खाली ओढतात. त्यांच्या जागी २२ मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे साधे इलेक्ट्रोलिटिक चालतात. रेल बसलीच तर निम्मे चॅनेल काढा, मग उरलेल्यांतले निम्मे. सोळा चॅनेलमधला दोषी चार खेपांत सापडतो.

आयसी: बदलायच्या कधी, आणि बदलल्यावर काय होतं

आधी आयसी खरंच मेली आहे का बघा. टीएल०७२ किंवा ५५३२ या ऑप-अँपच्या ८ नंबरच्या पायावर अधिक १५, ४ नंबरवर उणे १५ आणि १ व ७ वर जवळपास शून्य हवं. १ किंवा ७ वर १३ व्होल्ट चिकटून बसले असतील तर आयसी तरी गेली किंवा तिच्या फीडबॅकचा रेझिस्टर तरी तुटला.

टीएल०७२ च्या जागी ५५३२ हा सगळ्यांत लोकप्रिय बदल. पाय तेच, सुंसुं कमी, पण फुकट नाही. टीएल०७२ साधारण २.८ मिलिअँपिअर खाते, ५५३२ साधारण ८. चॅनेलमागे चार आयसी, सोळा चॅनेल आणि मास्टरच्या बारा धरल्या तर ७६ आयसी. करंट २१३ मिलिअँपिअरवरून ६०८ वर जातो, आणि तोही दोन्ही रेलवर. जुना ट्रान्सफॉर्मर हे पेलेल का, हा प्रश्न आधी सोडवा.

दुसरी गोष्ट त्याहून फसवी. ५५३२ च्या इनपुटमधून सुमारे २०० नॅनोअँपिअर करंट वाहतो, टीएल०७२ मध्ये तो नसल्यातच जमा. त्या जागी १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर २० मिलिव्होल्ट डीसी तयार होतो. कालपर्यंत शांत असलेला फेडर खरखरतो, म्यूट दाबला की 'ठप्प' वाजतं, आणि मग नव्या आयसीला शिव्या बसतात. म्हणून ५५३२ तिथेच घाला जिथे आजूबाजूचे रेझिस्टर १० किलोओहमच्या आसपास किंवा खाली आहेत. मोठ्या रेझिस्टरच्या ईक्यूत टीएल०७२ च बरी.

तिसरं म्हणजे ऑसिलेशन. वेगवान आयसी जुन्या बोर्डावर ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर आपसूक थरथरते. बोट लावून बघा. ५५३२ कोमट-गरम असणारच, पण बोट ठेववत नसेल तर ती थरथरतेय. प्रत्येक आयसीच्या अगदी पायाशी, ४ आणि ८ नंबरच्या मध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर द्या, आणि गरज पडली तर फीडबॅक रेझिस्टरवर २२ ते ४७ पिकोफॅरड.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, नकली ५५३२ भरपूर फिरतात. नुसत्या आयसीला अधिक-उणे १५ व्होल्ट देऊन करंट मोजा. ३ मिलिअँपिअर दाखवला तर वर छापलंय ते आत नाही.

काढताना आयसी वाचवायचा प्रयत्न करू नका. कटरने आठही पाय कापा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने उचला. अख्खी आयसी ओढली तर भोकातलं तांबं सोबत येतं आणि बोर्ड कायमचा जायबंदी होतो. त्या जागी गोल पिनचा सॉकेट बसवा. जवळ पारदर्शक चकचकीत पॉलिस्टायरिन कपॅसिटर असेल तर आयर्न लांब ठेवा, तो मेणासारखा वितळतो.

पैसे थोडेच असतील तर ते चॅनेलमध्ये न घालता बसच्या ॲम्प्लिफायरमध्ये घाला. सोळा चॅनेल एका बसवर जोडले की तो ॲम्प्लिफायर स्वतःचा सुंसुं १७ पट, म्हणजे जवळपास २५ डेसिबल वाढवतो. बसच्या ग्राउंडमधली गडबडसुद्धा तितकीच वाढते. त्यामुळे तिथल्या दोन चांगल्या आयसी आणि मास्टरपासून पॉवर सप्लायपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची एक जाड ग्राउंडची तार, एवढ्यानं चाळीस आयसी बदलण्याहून जास्त फरक ऐकू येतो. मात्र न वापरलेले चॅनेल बसवरून काढून ठेवायची सवय ठेवा.

कॉम्प्युटरवर प्रत्येक वाद्य वेगळं घ्यायचं असेल तर डायरेक्ट आउट हा खरोखर कामाचा बदल आहे. फेडरनंतरच्या आयसीच्या आउटपुटवरून ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर, त्यापुढे १०० ओहम, मग जॅकची टिप. कपॅसिटरच्या जॅककडच्या टोकापासून ग्राउंडला ४७ किलोओहम, नाहीतर प्लग लावताना धडाका होतो. जॅकची रिंग दुसऱ्या १०० ओहममधून ग्राउंडला दिली की पुढचं बॅलन्स्ड इनपुट गुणगुण बरीच कापतं.

काम झालं का, हे मोजून बघा

मोबाइलमधून टोन द्यायचा तर १ किलोहर्ट्झ नको, ४०० हर्ट्झचा द्या. स्वस्त मल्टिमीटर त्याच्या वर खोटं बोलतात. सिग्नलची पातळी डीबीयूत मोजतात: ०.७७५ व्होल्ट म्हणजे ० डीबीयू, १.२३ व्होल्ट म्हणजे अधिक ४. या टोनने सगळे चॅनेल एका पातळीवर आणा.

सुंसुं मोजायला एक्सएलआर प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा. हा आपला मुका माइक. तो लावून गेन ६० डेसिबलवर ठेवा आणि आउटपुट इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरला देणारी पेटी) घ्या. इंटरफेसवर किती म्हणजे ० डीबीयू, हे आधीच टोनने ठरवलेलं असू द्या. एवढ्या गेनला उणे ७१ डीबीयूच्या खाली कुठलाच कन्सोल जात नाही, कारण त्या रेझिस्टरचा स्वतःचाच आवाज तिथे असतो. उणे ६८ ते उणे ६६ आलं तर चॅनेल निरोगी आहे, त्याला हात लावू नका. एखादा उणे ५८ दाखवत असेल तर त्याच्या प्रीअँपचे ट्रान्झिस्टर बघा. आकडे मॉड्यूलच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहा आणि हीच मोजणी एकदा मेच्या उन्हात, एकदा ऑगस्टच्या दमट हवेत आणि एकदा रात्री मोटारी चालू असताना पुन्हा घ्या.